चॅनेलची खुर्ची, निर्मात्याची उधारी: मालिकेचा धंदा नेमका कसा चालतो

घोडबंदर रोडला राहणाऱ्या ठाणेकरांना शूटिंगचं अप्रूप फारसं उरलेलं नाही. एखाद्या शेडबाहेर जनरेटर व्हॅन आणि दोन व्हॅनिटी उभ्या दिसल्या की आत कुणाच्या तरी घरात सासू-सून भांडतायत हे शेजाऱ्यांना न सांगता कळतं. त्या पत्र्याखाली जे चालतं, त्यामागे दोन वेगवेगळ्या नोकऱ्या नाहीत, तर एक नोकरी आणि एक धंदा असतो. नोकरी चॅनेलच्या अधिकाऱ्याची, धंदा निर्मात्याचा. या क्षेत्रातली बरीच माणसं आधी चॅनेलच्या खुर्चीत बसतात आणि मग निर्माते होतात. झी मराठीची सूत्रं सांभाळलेले नितीन वैद्य पुढे दशमी क्रिएशन्समधून निर्मितीत उतरले. समीर नायर ‘स्टार’मध्ये कार्यक्रमांची जबाबदारी सांभाळत होते, नंतर बालाजीत गेले आणि २०१७ पासून अप्लॉज एंटरटेनमेंट चालवू लागले. अमेरिकेत फ्रेड सिल्व्हरमन यांनी सीबीएस, एबीसी आणि एनबीसी या तिन्ही नेटवर्कचं काम पाहिलं आणि १९८१ नंतर स्वतःची निर्मितीसंस्था काढली.

बाहेरून पाहणाऱ्याला ही बढती वाटते. कथा कळते, प्रेक्षक कळतो, लेखक-कलाकार ओळखीचे आहेत, मग आणखी काय हवं? हवी असते पैशांच्या वेळापत्रकाची समज, आणि चॅनेलच्या खुर्चीत बसून नेमकी तीच येत नाही. कारण तिथे पगार महिन्याच्या महिन्याला होतो.

आधी मालिका कोणाच्या मालकीची, ते पाहू. मुंबई दूरदर्शन २ ऑक्टोबर १९७२ ला सुरू झालं. पुढे प्रायोजित कार्यक्रमांची पद्धत आली. त्यात निर्माता दूरदर्शनला टेलिकास्ट फी भरायचा आणि बदल्यात मिळालेले जाहिरातीचे सेकंद स्वतः विकायचा. जाहिराती मिळाल्या नाहीत तर बुडायचाही तोच, पण कार्यक्रम त्याचा राहायचा. खासगी वाहिन्या आल्यावर (मराठीत १९९९ साली अल्फा मराठी, म्हणजे आजचं झी मराठी, २००० साली ई टीव्ही, २००८ साली स्टार प्रवाह) दुसरी पद्धत रुळली. चॅनेल निर्मात्याला दर एपिसोडमागे ठरलेली रक्कम देतं, जाहिराती स्वतः विकतं आणि मालिकेचे सगळे हक्क स्वतःकडे ठेवतं. जाहिरात विकण्याची डोकेदुखी गेली, पण मालकीही गेली. पुनःप्रक्षेपण, ओटीटी, दुसऱ्या भाषेतला रिमेक, यातलं काहीही निर्मात्याच्या खिशात येत नाही, करारात वेगळं लिहिलं असेल तरच येतं. लेखक आणि संगीतकारांचा रॉयल्टीचा हक्क २०१२ च्या कॉपीराइट दुरुस्तीने शाबूत ठेवला आहे. निर्मात्यासाठी तशी तरतूद नाही.

चॅनेलचा अधिकारी दिवसभर काय करतो

सुरुवातीला त्याच्या हातात दोन-तीन मालिका असतात आणि पदाचं नाव ईपी, म्हणजे एक्झिक्युटिव्ह प्रोड्यूसर. गंमत म्हणजे निर्मितीसंस्थेकडेही एक ईपी असतो, त्यामुळे सेटवर ‘चॅनेलचा ईपी’ आणि ‘आपला ईपी’ असा फरक करूनच बोलतात. चॅनेलचा ईपी पुढच्या ट्रॅकची (कथेतल्या पुढच्या वळणाची) वन-लाइन, म्हणजे थोडक्यातला आराखडा मंजूर करतो, पटकथा आणि संवाद वाचतो, रफ कट (कच्चं संकलन) पाहून बदल सांगतो, प्रोमोसाठी कुठला प्रसंग काढायचा ते ठरवतो. कपडे, विग, घराच्या भिंतींचा रंग यावरही त्याची मोहोर लागते. त्याच्या वर प्रोग्रामिंग हेड आणि त्याच्याही वर बिझनेस हेड. वर जावं तसं कथा वाचणं कमी होतं आणि तक्ते वाचणं वाढतं.

ते तक्ते बार्कचे. प्रसारक, जाहिरातदार आणि जाहिरात संस्था यांची ही संयुक्त संस्था कोणता कार्यक्रम किती पाहिला गेला याचे आकडे २०१५ पासून देते. निवडक घरांत मीटर असतात, वाहिनीच्या आवाजात मिसळलेली न ऐकू येणारी खूण तो ओळखतो आणि घरातला माणूस टीव्हीसमोर बसला की आपलं बटण दाबतो. मराठी वाहिन्या प्रामुख्याने महाराष्ट्र-गोवा या बाजाराचा आकडा पाहतात.

टीव्हीआर (टीव्ही रेटिंग) म्हणजे किती टक्के लोकांनी मालिका पाहिली, असं अनेकांना वाटतं. तसं नाही. ती मिनिटांची सरासरी असते. शंभर माणसांपैकी १० जणांनी २० मिनिटांचा एपिसोड पूर्ण पाहिला तर टीव्हीआर १०. त्याच शंभरातल्या २० जणांनी तो फक्त १० मिनिटं पाहिला तरीही टीव्हीआर १०च. आकडा एक, पण रोग वेगळे. पहिल्या मालिकेला नवे प्रेक्षक आणायला हवेत, म्हणजे प्रोमो आणि वेळ यांवर काम. दुसरीकडे प्रेक्षक येतायत पण टिकत नाहीत, म्हणजे पटकथेत भगदाड आहे. ईपी चांगला की नुसता मेल पुढे ढकलणारा, हे इथे कळतं. ‘आकडा पडला, काहीतरी मोठं करा’ एवढंच जो निर्मात्याला सांगतो, त्याने तक्ता उघडलेलाच नसतो. अशा निरोपातूनच मग नायिकेचा अपघात, स्मृतिभ्रंश आणि जुळी बहीण जन्माला येते.

आकड्याला उशीरही असतो. बार्कचा आठवडा शनिवार ते शुक्रवार आणि त्याचे आकडे पुढच्या गुरुवारी. म्हणजे सोमवारी दाखवलेला एपिसोड चालला की नाही, हे दहा दिवसांनी समजतं. त्यानंतर बैठक, नवी पटकथा, संवाद, शूट, एडिट, पार्श्वसंगीत असा क्रम. बँकेत (शूट होऊन तयार असलेल्या एपिसोडना सगळे बँकच म्हणतात) सहा-आठ एपिसोड असतील, तर बदल पडद्यावर दिसायला एकूण तीन आठवडे सहज जातात. गुरुवारी आकडा बघून सोमवारी पडद्यावर बदल मागणारा अधिकारी म्हणजे बँक फेकून द्या असं सांगणारा अधिकारी. ते एपिसोड पुन्हा शूट करायचे तर खर्च कोणाचा, हे करारात लिहिलेलं नसेल तर तो निर्मात्याच्याच माथी बसतो.

चॅनेल इतकं घायकुतीला का येतं, त्याचंही गणित आहे. नियमाप्रमाणे तासाला जास्तीत जास्त १२ मिनिटं जाहिराती: १० मिनिटं व्यावसायिक, २ मिनिटं स्वतःच्या कार्यक्रमांच्या. अर्ध्या तासाच्या स्लॉटमध्ये विकायला ५ मिनिटं येतात, म्हणजे दहा-दहा सेकंदांचे ३० तुकडे. नमुन्यादाखल दर ८,००० रुपये धरला तर २,४०,००० रुपये. रेटिंग घसरून दर ६,००० वर आला तर १,८०,०००. एपिसोडचा खर्च २ लाख असेल तर काल ४० हजार देणारा स्लॉट आज २० हजार खातोय. सबस्क्रिप्शन, पुनःप्रक्षेपण आणि ओटीटीचं उत्पन्न वेगळं, पण स्लॉटचा निवाडा बहुतेक वेळा या साध्या वजाबाकीवर होतो.

आता निर्मात्याच्या बाजूने

इथले आकडेही हिशेबासाठीच घेतलेत, कोणत्याही खऱ्या मालिकेचे नाहीत. समजा चॅनेल एपिसोडला २ लाख देतं. कलाकार, तंत्रज्ञ, जागा, लाइट, जेवण, एडिट असा चालू खर्च एपिसोडला १ लाख ६५ हजार. उरले ३५ हजार. सेट उभारायला ४० लाख लागले. तर ४० लाखांना ३५ हजारांनी भागा: ११५व्या एपिसोडला सेटचे पैसे वसूल होतात. आठवड्याला सहा एपिसोड धरले तर हे साडेचार महिने झाले. मालिका १०० एपिसोडवर बंद पडली तर निर्माता ५ लाखांनी आत. २६० पर्यंत गेली तर ५१ लाख हातात. हाच सेट, हीच माणसं, हाच दर.

म्हणून करारात एपिसोडच्या दराइतकाच भांडून घ्यायचा मुद्दा म्हणजे किमान एपिसोडची हमी. ती मिळत नसेल तर सेटचा खर्च चॅनेलने वेगळा द्यावा, किंवा मालिका ठरावीक संख्येआधी बंद झाली तर सेटची उरलेली वसुली चॅनेलने भरावी, असं कलम. दर ५ हजारांनी वाढवून घेण्यापेक्षा हे कलम जास्त मोलाचं. चॅनेल सोडून नव्याने निर्माते झालेले नेमके इथे चुकतात. त्यांना दर किती मागायचा ते पक्कं माहीत असतं, कारण कालपर्यंत तेच देत होते. पण किमान हमी हा मुद्दा कालपर्यंत तेच खोडत होते, त्यामुळे तो मागायला जीभ रेटत नाही.

पण नफा-तोटा नंतरची गोष्ट. त्याआधी रोख संपते.

याच उदाहरणात प्रक्षेपण सुरू होण्याआधी ४० लाखांचा सेट आणि १८ एपिसोडची बँक, म्हणजे जवळपास ३० लाख. मग महिन्याला २६ एपिसोड, चालू खर्च ४२ लाख ९० हजार. पहिल्या महिन्याअखेर बिल जातं ५२ लाखांचं, त्यावर १८ टक्के जीएसटी ९ लाख ३६ हजार. चॅनेल पैसे देणार ६० दिवसांनी. जीएसटी मात्र पैसे आले की नाही हे विचारत नाही. बिल फाडलं की पुढच्या महिन्याच्या २० तारखेपर्यंत तो भरायचा. पहिली रक्कम खात्यात पडेपर्यंत दोन बिलांचा जीएसटी भरून झालेला असतो आणि तीन महिने शूट चाललेलं असतं. सगळं मिळून २ कोटी १७ लाखांच्या घरात. भाडं आणि लाइटच्या बिलांवर भरलेला कर यातून वजा होतो खरा, पण २० लाखांखालच्या उलाढालीचे लेखक, कलाकार जीएसटीत नोंदलेलेच नसतात, त्यामुळे त्यांच्या मानधनावर वजा करायला काही नसतं. आणि शेवटी चॅनेल पैसे देताना जीएसटी सोडून उरलेल्या रकमेवर २ टक्के टीडीएस कापतं, तो विवरणपत्र भरल्यावर हिशेबात येतो.

हे २ कोटी कुठून येतात? थोडे निर्मात्याचे, थोडे व्याजाचे, आणि बरेचसे कलाकारांचे. टीव्हीत मानधन ९० दिवसांनी मिळतं याचा अर्थ चॅनेलची उधारी निर्मात्याने सेटवरच्या माणसांच्या अंगावर टाकलेली असते. रोजंदारीवरच्या लाइटमन, स्पॉटदादा, सेटिंगवाल्यांना इतकं थांबवता येत नाही, त्यांची युनियन काम थांबवते. त्यामुळे थांबतात ते कलाकार, लेखक आणि सहायक दिग्दर्शक. निर्मात्याची एक मालिका बंद पडून दुसरीचे पैसे पहिलीच्या देण्यात वळले की मानधन बुडाल्याच्या बातम्या येतात. अशा निर्मात्यांतले काही लबाड असतात, पण बऱ्याच जणांना कोणत्या मालिकेचे पैसे कुठल्या खात्यातून जातायत याचाच पत्ता नसतो. प्रत्येक मालिकेसाठी स्वतंत्र बँक खातं उघडणं हा यावरचा बिनखर्चाचा उपाय आहे आणि तो करणारे फार थोडे.

आणखी एक: निर्मितीसंस्था सूक्ष्म किंवा लघु उद्योगात बसत असेल तर उद्यम नोंदणी करून घ्यावी. लेखी करार असला तरी अशा उद्योगाचे पैसे ४५ दिवसांपलीकडे अडवता येत नाहीत, आणि अडवले तर प्रत्यक्ष देईपर्यंत देणाऱ्याला तो खर्च प्राप्तिकरात दाखवता येत नाही. आर्थिक वर्ष २०२३-२४ पासून ही दुसरी तरतूद लागू झाली. चॅनेलच्या लेखा विभागाला ती चांगली ठाऊक असते. आपणहून आठवण मात्र कुणी करून देत नाही.

सेटवर काय बिनसतं

रोज २० ते २२ मिनिटांचा तयार मजकूर बाहेर पडला पाहिजे, तरच सहा दिवसांची मालिका चालते. म्हणजे १२ तासांच्या शिफ्टमध्ये आठ-दहा सीन. नऊचा कॉल आणि पहिला शॉट साडेदहाला, हे एका दिवशी खपतं. महिनाभर चाललं तर बँक संपते.

घोडबंदरच्या सेटवर कॉल शीट (कोणी किती वाजता यायचं याचा तक्ता) बनवणाऱ्याला रस्ता आधी पाठ असावा लागतो. मीरा रोड, दहिसरकडून येणारा कलाकार गायमुख घाटात अडकतो, मुलुंड-ठाण्याकडून येणारा मेट्रोच्या कामात. म्हणून पहिल्या सीनला दोन्हीकडची माणसं ठेवत नाहीत. ठाण्यात राहणाऱ्या एका-दोघांचा सीन आधी लावतात, मोठा कौटुंबिक सीन अकरानंतर. शनिवार-रविवारी घाणेकर, गडकरी किंवा वाशीच्या भावे नाट्यगृहात ज्याचा प्रयोग आहे, त्याला दुपारी सोडावंच लागतं. मराठी मालिकेचं शेड्युल नाटकांच्या तारखा समोर ठेवूनच लागतं, आणि हिंदीतून आलेल्या प्रॉडक्शन मॅनेजरला हे पचायला दोन महिने जातात.

मग पाऊस. पत्र्याच्या शेडवर सर कोसळली की लेपल माइकमध्येही संवादामागे सतत एक खरखर उतरते. ती एडिटमध्ये कमी करता येते, पण सोबत आवाजातला जीवही जातो, आणि एकाच सीनच्या दोन शॉटमध्ये पाऊस कमी-जास्त झाला तर कट कानाला टोचतो. जाणते युनिट जून ते सप्टेंबर दरदिवशी दोन-तीन ‘मुके’ सीन राखून ठेवतात: देवघरातली पूजा, फ्लॅशबॅकचा मोंटाज, पत्र वाचणं, ज्यावर नंतर फक्त संगीत चढवायचं आहे. सर आली की साउंड रेकॉर्डिस्ट हात वर करतो, सहायक लगेच तो सीन लावतो, सर ओसरली की संवादांचा सीन परत सुरू. मुका सीन तयार नसला तर सत्तर-ऐंशी माणसं चहा पीत आभाळाकडे बघत बसतात आणि तास निर्मात्याच्या पैशाने जातो. पत्र्याखाली जाड थर बसवून घेणं हाही उपाय आहे, पण तो जागा भाड्याने घेण्याआधी मालकाकडून करवून घ्यायचा. सेट लागल्यावर छताला हात घालता येत नाही.

बालकलाकार असेल तर वेळापत्रक आणखी आवळतं. २०१७ च्या नियमांप्रमाणे ज्या जिल्ह्यात शूट, तिथल्या जिल्हा दंडाधिकाऱ्यांची परवानगी लागते. घोडबंदर असेल तर ठाण्याची, कंपनीचं कार्यालय अंधेरीत असलं तरीही. दिवसाला ५ तासांहून जास्त काम नाही, सलग ३ तासांहून जास्त नाही, सलग २७ दिवसांहून जास्त नाही, आणि मुलाच्या मानधनातले किमान २० टक्के त्याच्या नावे मुदत ठेवीत. पटकथेत ‘छोटी परी’ प्रत्येक सीनमध्ये हवी असा हट्ट धरणाऱ्या चॅनेलच्या ईपीने हा ५ तासांचा आकडा कागदावर लिहून भिंतीला लावावा.

बँक किती असावी याचं उत्तर मार्च २०२० ने दिलं. १९ तारखेपासून शूटिंग थांबलं आणि काही दिवसांत एकामागून एक वाहिनी जुने एपिसोड दाखवू लागली. एप्रिल २०२१ मध्ये राज्यात पुन्हा बंदी आली तेव्हा अनेक युनिट गोवा, सिल्व्हासा, दमणला गेली. आडवेळी सेट हलवायचा तर घराच्या आतले सीन कुठल्या रिसॉर्टमध्ये जमतील, कथेत ‘सगळे देवदर्शनाला निघाले’ असा ट्रॅक कुठे बसेल, याची तयारी असलेले निर्माते तरले. साधारण दोन आठवड्यांची, म्हणजे १२ एपिसोडची बँक सुरक्षित मानावी. त्यापेक्षा जास्त ठेवली तर पैसे अडकतात आणि रेटिंगवर कथा वळवायला जागा राहत नाही. तीनवर आली की दुसरं युनिट लावावं लागतं. दुसरा दिग्दर्शक, दुसरा कॅमेरामन, जास्तीचे लाइट, आणि वरच्या ३५ हजारांतले बरेचसे तिथेच जातात.

या क्षेत्रात शिरू पाहणाऱ्याने कुठून सुरुवात करावी? माध्यम शिक्षण घेऊन थेट चॅनेलमध्ये लागण्यापेक्षा वर्षभर सेटवर प्रॉडक्शन असिस्टंट म्हणून पेटी कॅश (रोजच्या किरकोळ खर्चाची रोकड) सांभाळावी, असं आमचं स्पष्ट मत आहे. रोजच्या व्हाउचरवर सही घेताना जनरेटरचं डिझेल, जास्तीच्या शिफ्टचे पैसे, जेवणाची ताटं हे सगळं डोळ्यासमोरून जातं. पुढे चॅनेलमध्ये बसून ‘हा सीन रात्रीच्या रस्त्यावर घ्या’ असं लिहिताना महापालिकेची आणि पोलिसांची परवानगी, जनरेटर, पाण्याचा टँकर, रात्रीची शिफ्ट हे आपोआप आठवतं.

मालिका बंद होते तेव्हा शेवटच्या दोन-तीन महिन्यांची बिलं चॅनेलकडे अडकलेली असतात. ती सुटण्यासाठी करारात दिलेली यादी पूर्ण करावी लागते: सगळ्या एपिसोडचे मास्टर (अंतिम प्रती), मागितलं असेल तर रशेसच्या (शूट केलेल्या कच्च्या फुटेजच्या) हार्ड डिस्क, वापरलेल्या प्रत्येक गाण्याचा आणि संगीताच्या तुकड्याचा तपशील, कलाकार-लेखकांचे सही केलेले करार, आणि देणी चुकती केल्याची पत्रं. पाहुण्या भूमिकेतल्या एका कलाकाराचा करार सापडला नाही, तेवढ्यावर अंतिम रक्कम महिनोन्‌महिने लटकते, आणि तो कलाकार तोवर दुसऱ्या मालिकेत, दुसऱ्या शहरात असतो. म्हणून करारावर सही पहिल्या दिवशी, मेकअपला बसण्याआधी घ्यायची आणि स्कॅन करून त्याच दिवशी फोल्डरमध्ये टाकायची. सेट मोडायचा मुहूर्तही भाड्याच्या तारखेवरून काढायचा. जागा १ तारखेला सोडायची असेल तर प्लाय, दारं, फर्निचर विकत घेणारा २५ तारखेलाच बोलावलेला असावा. नाहीतर तो भाव पाडून मागतो, कारण त्यालाही माहीत असतं की दुसऱ्या दिवशीचं भाडं तुमच्याच खिशातून जाणार आहे.